पायाभरणीचे वर्ष : रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाविषयी



शाळेने योजिलेल्या स्मृतिव्याख्यानात शाळा सोडल्यानंतरच्या पहिल्या पायरीविषयी बोलावे, हे मला उचित वाटते. ती पायरी म्हणजे शालेय शिक्षण आणि विद्यापीठातील व्यावसायिक शिक्षण यांच्यामधले वर्ष. कुणी त्याला प्री-युनिव्हर्सिटी म्हटले, कुणी इंटर, कुणी प्रिपरेटरी. विलायतेतील विद्यापीठे त्यालाच फाउंडेशन इयर म्हणतात. आपल्याकडील पालकांच्या तोंडी मात्र त्याचे एकच नाव असते, आणि ते म्हणजे 'वाया गेलेले वर्ष'. मुलगी किंवा मुलगा थेट पहिल्या वर्षात न जाता असा एक वर्षाचा अभ्यासक्रम करणार म्हटले की घरात चिंतेचे वातावरण पसरते. आजच्या व्याख्यानात रासायनिक अभियांत्रिकी ही एकच विद्याशाखा घेऊन मी असे प्रतिपादन करणार आहे, की या वर्षाचे काम कुणालाच चुकत नाही. ते वेळेवर केले नाही, तर पुढे अधिक किंमत देऊन करावे लागते. आणि ती किंमत कित्येकदा विद्यार्थ्याला सोडून इतरांनाच मोजावी लागते.

तारनाक्याचा परिसर

या विषयासाठी आपल्या शहरातील तारनाक्याहून अधिक योग्य जागा शोधूनही सापडणार नाही. निजामाच्या काळी येथे तारेचे कुंपण आणि पहाऱ्याचा नाका होता, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. 'तार' आणि 'नाका' हे दोन्ही शब्द मराठी माणसाला परके नाहीत. या चौकाच्या एका अंगाला उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. तेथील तंत्रशास्त्र महाविद्यालयात रासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाते. जवळच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. उप्पलच्या रस्त्याला लागले की भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था लागते. १९४४ मध्ये हैदराबाद संस्थानाची मध्यवर्ती प्रयोगशाळा म्हणून तिचा आरंभ झाला, १९५६ मध्ये ती प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा या नावाने केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

या संस्थेचे १९८५ ते १९९५ या काळातील संचालक डॉ. ए. व्ही. रामाराव आणि या शहरात १९८४ मध्ये स्वतःचा औषधनिर्मितीचा उद्योग उभारणारे डॉ. अंजी रेड्डी यांचा शिक्षणक्रम पाहण्याजोगा आहे. दोघेही गुंटूर भागातले. दोघांनीही प्रथम विज्ञानाची पदवी घेतली, नंतर मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे माटुंग्याच्या प्रसिद्ध यूडीसीटीमध्ये, औषधविषयक तंत्रशिक्षण घेतले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून डॉक्टरेट मिळवली. हैदराबादच्या औषध उद्योगाचा पाया असा काही अंशी माटुंगा आणि पाषाण येथे घातला गेला आहे. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तंत्रशिक्षणाच्या आधी शुद्ध विज्ञानाची भक्कम बैठक त्यांना लाभली होती. यूडीसीटीची स्थापना १९३३ ची. तेथील जुना बी.एस्‌सी. टेक. हा अभ्यासक्रम बी.एस्‌सी. झाल्यानंतरच करावयाचा असे. त्या पिढीचे पायाभरणीचे वर्ष एक नव्हते. चांगली तीन-चार वर्षे त्यात जात असत.

रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याला रसायनशास्त्र आवडते त्याने रासायनिक अभियांत्रिकीकडे जावे, असे पालक समजतात. वस्तुतः या शाखेत रसायनशास्त्राइतकेच गणित आणि भौतिकशास्त्र लागते, किंबहुना अधिकच. परीक्षानळीत काय घडते हे रसायनशास्त्रज्ञ सांगतो. तेच कारखान्यात रोज, टनांच्या हिशेबाने, परवडेल अशा खर्चात आणि कुणाच्या जिवाला धोका न होता कसे घडवावे, हे रासायनिक अभियंत्याने सांगावयाचे असते.

आपल्या परिचयाचे गुऱ्हाळ घ्या. उसाचा १०० किलो रस काहिलीत आहे आणि त्यात १५ किलो साखर विरघळलेली आहे असे धरू. तो आटवून ६० टक्के साखरेची काकवी करावयाची आहे. साखर कोठे जात नाही, ती १५ किलोच राहणार. मग काकवी किती होईल? १५ किलो हे ज्याचे ६० टक्के आहेत तेवढी, म्हणजे २५ किलो. उरलेले ७५ किलो पाणी वाफ होऊन जाणार. कोणतेही सूत्र पाठ न करता आपण हे उत्तर काढले. आत आले ते आणि बाहेर गेले ते यांचा मेळ बसला पाहिजे, एवढे एकच तत्त्व त्यासाठी पुरले. यालाच वस्तुमानाचा ताळेबंद म्हणतात.

आता पुढची पायरी. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे ७५ किलोसाठी ४०,५०० किलोकॅलरी. रस तापवून उकळीपर्यंत आणण्याची उष्णता वेगळीच. हा ऊर्जेचा ताळेबंद झाला. तो मांडताच प्रश्न सुचतो, की एवढी उष्णता वाफेबरोबर आकाशात का सोडावी? अमेरिकेतील नॉर्बर्ट रिलिय्यू या अभियंत्याने या प्रश्नावर तोडगा काढून १८४३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पहिल्या भांड्यातून निघणारी वाफ दुसऱ्या भांड्यातील रस तापविण्यास वापरावयाची, आणि दुसऱ्या भांड्यात दाब कमी ठेवावयाचा, म्हणजे तेथील रस कमी तापमानालाच उकळतो. साखर कारखान्यात एका ओळीत उभी दिसणारी बाष्पीभवनाची भांडी या कल्पनेवरच चालतात.

तिसरी पायरी आकारमानाची. प्रयोगशाळेत एक लिटरच्या चंबूत घडणारी क्रिया हजार लिटरच्या पात्रात करावयाची आहे. आकार तोच ठेवला तर लांबी-रुंदी दहा पट होते, भिंतीचे क्षेत्रफळ शंभर पट होते आणि आतील द्रव हजार पट. क्रियेत उष्णता निर्माण होत असेल तर तीही हजार पट होणार. परंतु ती बाहेर जाण्याची वाट, म्हणजे भिंत, शंभर पटच वाढली. प्रत्येक लिटरच्या वाट्याला पूर्वीच्या एक-दशांश भिंत आली. चंबूत जी क्रिया आपोआप थंड राहत होती ती पात्रात भडकू शकते. म्हणून आत थंड पाण्याच्या नळ्या घालाव्या लागतात, एक द्रव्य दुसऱ्यात बेताबेताने सोडावे लागते, ढवळणी कशी असावी याचा विचार करावा लागतो. 'प्रयोग जमला, आता मोठे भांडे आणा' असे म्हणणारा माणूस अभियंता नव्हे.

या विचाराला स्वतंत्र शास्त्राचे रूप येऊन फार काळ लोटलेला नाही. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये मँचेस्टर येथे या विषयावर बारा व्याख्याने दिली आणि १८८८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी एक मार्मिक विचार मांडला. साबण असो, साखर असो वा औषध असो, कारखान्यात घडणाऱ्या क्रिया मोजक्याच असतात : तापविणे, आटविणे, ऊर्ध्वपातन करणे, गाळणे, वाळविणे, दळणे. या मूलभूत क्रिया शिकल्या की कोणताही कारखाना समजू शकतो. आजही या शिक्षणाचा सांगाडा हाच आहे.

पायात काय घालावयाचे?

मग पायाभरणीच्या वर्षात शिकावयाचे ते काय? बारावीचे धडे पुन्हा गिरविणे, असे उत्तर पुष्कळांना सुचेल. माझ्या मते चार गोष्टी शिकावयाच्या असतात.

पहिली गोष्ट एकके आणि परिमाणे. दाबमापकाचा काटा शून्यावर आहे म्हणजे पात्रात दाब नाही, असे नवखा विद्यार्थी समजतो. प्रत्यक्षात तेथे वातावरणाइतका दाब असतो. काटा केवळ त्याहून अधिक किती ते दाखवितो. तापमान २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर गेले म्हणजे ते दुप्पट झाले, ही अशीच एक चूक. वायूच्या गणितात मोजणी केवळ शून्यापासून करावयाची असते, आणि तेथे ही वाढ सात टक्क्यांच्या आसपासच भरते. असे लहान लहान समज वेळीच दुरुस्त झाले नाहीत, तर त्यांवर रचलेली सर्व गणिते डळमळतात.

दुसरी गोष्ट ताळेबंदाची सवय. शाळेत प्रश्नाबरोबर नेमकी लागेल तेवढीच माहिती दिलेली असते. कारखान्यात काही माहिती जास्तीची असते, काही मिळतच नाही. कशाभोवती रेघ ओढून आत-बाहेरचा हिशेब मांडावयाचा हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. ही दृष्टी सावकाश येते, घाईने येत नाही.

तिसरी गोष्ट अंदाज. उत्तर आकडेमोड करण्यापूर्वी साधारण किती यावे, हे सांगता आले पाहिजे. काकवीचे उत्तर २५० किलो आले तर हात थांबला पाहिजे. १०० किलो रसातून २५० किलो काकवी निघत नाही, हे यंत्र सांगणार नाही.

चौथी गोष्ट भाषा. तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपल्या शाळांतून गेलेल्या मुलांना ती सर्वाधिक भोवते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विद्राव्यता ठाऊक असते, 'सोल्युबिलिटी' ठाऊक नसते. त्याचे अज्ञान शब्दाचे असते. वर्गात मात्र ते विषयाचे समजले जाते, आणि काही महिन्यांनी तो स्वतःही तसेच समजू लागतो. उलट काही ठिकाणी आपली भाषा सैल पडते, तेही मान्य केले पाहिजे. 'समतोल' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या अवस्थांना लावतो. हौदात जितके पाणी येते तितकेच जात असेल तर पातळी तीच राहते. परंतु पाणी वाहते आहे. ही स्थिर अवस्था, इंग्रजीत 'स्टेडी स्टेट'. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत पाणी व वाफ यांच्यातील देवघेव सारखी होऊन थांबल्यासारखी दिसते, तो खरा समतोल, म्हणजे 'इक्विलिब्रियम'. कारखाना चालतो तो पहिल्या अवस्थेत. हा भेद मराठीत समजावून घेऊन इंग्रजीत मांडता आला, तर विद्यार्थी दोन्ही भाषांत समर्थ होतो.

आपल्याकडील परंपरा

भाषेचा हा प्रश्न उस्मानिया विद्यापीठाच्या जन्मापासूनचा आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे धाडस केले आणि त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते उघडून शास्त्रीय परिभाषा घडविली. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबादला १९२३ मध्ये या विद्यापीठाचे इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि ग्रंथालयात इंग्रजी अशी तिहेरी कसरत तेथील मुलांनी केली. इंटरची दोन वर्षे त्यांना या कसरतीसाठी मिळत होती. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा निराळा झाला. परंतु विद्यापीठाच्या दारात भाषा बदलण्याचा प्रसंग काही टळला नाही.

त्यानंतर एक वर्षाचा प्री-युनिव्हर्सिटी वर्ग आला. तो विद्यापीठाच्या छायेत, महाविद्यालयात चाले. आय.आय.टी.चा अभ्यासक्रमही पूर्वी पाच वर्षांचा होता आणि त्याच्या पूर्वार्धात विज्ञानाचा पाया पक्का करण्यास सवड असे. पुढे दहावी-बारावीची नवी घडी बसली, आंध्रात दोन वर्षांचे इंटरमिजिएट मंडळाकडे गेले, १९८० च्या दशकात आय.आय.टी.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला. कागदावर काहीच हरवले नाही, कारण पायाभरणीचे वर्ष बारावीत सामावले होते. प्रत्यक्षात १९८६ पासून आंध्रात एमसेट ही प्रवेशपरीक्षा सुरू झाली, आणि हळूहळू ती दोन वर्षे परीक्षेच्या तयारीने व्यापून टाकली. आज ही परीक्षा तेलंगणात निराळ्या नावाने होते. तिचे राज्य तेच आहे. मिनिटाला एक प्रश्न सोडविण्याचे कौशल्य निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. परंतु एकाच प्रश्नापाशी तासभर बसण्याची जी सवय अभियंत्याला लागते, ती या तयारीत अंगी येत नाही.

आजची तीन दारे

तथापि पायाभरणीचे वर्ष सर्वस्वी नाहीसे झालेले नाही. आय.आय.टी.मध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा प्रिपरेटरी अभ्यासक्रम आहे. राखीव जागा भरावयाच्या उरल्या असतील, तेव्हा थोड्या गुणांनी मागे राहिलेल्यांना त्यात घेतले जाते. वर्षभर भौतिक, रसायन व गणित यांचा अभ्यास करून उत्तीर्ण झाल्यावर त्यांना पदवीच्या पहिल्या वर्षात स्थान मिळते. या मुलांकडे सहानुभूतीच्या किंवा उपहासाच्या नजरेने पाहिले जाते. मला तर असे वाटते, की ही सोय इतरांनाही असती तर पुष्कळांचे भले झाले असते.

दुसरे दार आपल्या सीमेवर आहे. गोदावरीकाठी, नांदेड जिल्ह्यातील धर्माबादच्या शेजारी, बासर हे सरस्वतीचे क्षेत्र आहे. लहान मुलांच्या अक्षराभ्यासासाठी तेलुगू आणि मराठी कुटुंबे तेथे जातात. त्याच बासरला २००८ मध्ये राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवार सुरू झाले. ग्रामीण विद्यार्थ्यांना दहावीनंतर तेथे सहा वर्षांच्या सलग अभ्यासक्रमासाठी घेतात : दोन वर्षे पूर्वतयारीची आणि चार वर्षे अभियांत्रिकीची. रासायनिक अभियांत्रिकी ही तेथील एक शाखा आहे. मध्ये आणखी प्रवेशपरीक्षा नसल्यामुळे पहिली दोन वर्षे खऱ्या अर्थाने पायासाठी देता येतात. योजनेमागील विचार तरी निःसंशय योग्य आहे.

तिसरे दार परदेशाचे. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवीला फाउंडेशन इयर जोडून देतात. ज्याचे विषय जुळत नाहीत किंवा गुण थोडे कमी पडतात अशा विद्यार्थ्यांसाठी ते असते. त्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्रयोगशाळेतील काम आणि अहवाललेखन शिकवितात. ज्या पालकांच्या मनात हा मार्ग असेल त्यांनी तीन प्रश्न विचारून घ्यावेत. वर्ष उत्तीर्ण होताच पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश निश्चित आहे, की त्यासाठी ठराविक गुण हवेत? हे वर्ष विद्यापीठ स्वतः शिकविते, की अन्य संस्थेकडे सोपविते? आणि पुढील पदवीला, १९२२ पासून कार्यरत असलेल्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ केमिकल इंजिनियर्स' या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे काय? एका जादा वर्षाचा खर्च लहान नसतो. ज्याला मायदेशी थेट प्रवेश मिळतो आणि वर सांगितलेल्या चार गोष्टी ज्याच्या अंगी आहेत, त्याने केवळ हौसेने तो करू नये.

किंमत कोण मोजतो?

आता आरंभीच्या विधानाकडे वळतो. अपुऱ्या पायाची किंमत इतरांना मोजावी लागते, असे मी म्हणालो. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. त्यांच्या संयोगातून निघालेली उष्णता बाहेर जाऊ शकली नाही, दाब वाढला आणि विषारी वायू निद्रिस्त वस्तीवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधीच बंद करण्यात आली होती. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. व्यवस्थापनाचे आणि कायद्याचे प्रश्न त्यात आहेतच. परंतु त्या टाकीतील घटना म्हणजे चंबू आणि पात्र यांच्या उदाहरणातलीच गोष्ट आहे. निर्माण होणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा ताळेबंद तुटला.

फार लांब जावयास नको. ३० जून २०२५ रोजी आपल्या शहरालगत पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत, औषधी गोळ्यांत वापरले जाणारे सेल्युलोज बनविणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. चौकशीचा विषय बाजूस ठेवून एक सर्वसामान्य तत्त्व सांगतो. लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही. त्याचाच सूक्ष्म भुसा हवेत उधळला आणि ठिणगी पडली, तर स्फोट होऊ शकतो. कारण वजन तेच राहून हवेला भिडणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढलेला असतो. पीठ, साखर, सेल्युलोज या निरुपद्रवी वाटणाऱ्या पदार्थांनाही हे लागू आहे. क्षेत्रफळ आणि घनफळ यांचे हे नाते आठवी-नववीच्या गणितातले आहे. परीक्षेत त्यावर गुण मिळविणे निराळे आणि धुळीने भरलेल्या शेडमध्ये पाऊल टाकताच ते आठवणे निराळे. पायाभरणीच्या वर्षाने हे दुसरे काम करावयाचे असते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की मुलांची वर्षे मोजू नका. त्याने किंवा तिने काकवीचा हिशेब स्वतःच्या शब्दांत मांडला काय, दाबाचा काटा शून्यावर असताना पात्रात काय आहे हे सांगितले काय, एवढे पाहा. आणि आपल्या शाळेला एक सूचना करतो. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीत चार आठवड्यांचा एक वर्ग चालवावा. त्यात शास्त्रीय संज्ञा मराठीत समजावून मग इंग्रजीत द्याव्यात, एकके आणि अंदाज यांचा सराव घ्यावा, एखाद्या गुऱ्हाळाला किंवा दूध डेअरीला नेऊन तेथील आवक-जावक मुलांकडून मांडून घ्यावी. या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण याच शहरातील प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत काम करीत असतील. त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ दिली तरी हा वर्ग उभा राहील. त्याला फार पैसा लागणार नाही. फळा, खडू, एक तराजू आणि तापमापक एवढ्यावर आरंभ होऊ शकेल.